मागच्या कडेची फट

धाकट्या बहिणीचं भलं झालं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला सोज्वळ समजण्याची चूक करणार नाही. घरात तिला सगळे छोटी म्हणतात. अडतीस वर्षांची घोडी, दोन मुलं, स्वतःचा दवाखाना, तरी छोटीच. आणि मी ताई. ताई म्हटलं की समजूतदार असायचं, आपल्या हातातलं काढून द्यायचं आणि वर हसायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. मी पंचेचाळिशीला आले, मला ते अजून जमलेलं नाही.

आम्ही दोघीही दातांच्या डॉक्टर. मी आधी झाले. ती शिकत होती तेव्हा सुट्टीत माझ्याच दवाखान्यात येऊन उभी राहायची, लाळ ओढायची नळी धरायची आणि मी काय करते ते टकामका बघायची. दाढेचं काम करताना दाताभोवती एक हिरवा रबरी पडदा ताणून लावतात, तोंडातली लाळ आत शिरू नये म्हणून. तो पडदा पेशंटच्या नाकावर येतो आणि बिचारा गुदमरतो. मी त्याचा वरचा उजवा कोपरा दोनदा आत दुमडते आणि चौकटीत खोचते, की नाक मोकळं राहतं. हे पुस्तकात नाही, माझं मीच काढलेलं. छोटीला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मी तिला हातचं राखून कधीच काही शिकवलं नाही, हे माझ्या बाजूनं एवढं एकच.

चार वर्षांपूर्वी तिनं दवाखाना काढला तो कुठे, तर माझ्याच रस्त्यावर, माझ्यापासून तिसऱ्या इमारतीत. विचारलं होतं मला. "ताई, तिथे गाळा मिळतोय, तुझी हरकत नाही ना?" मी म्हणाले, "माझी कशाला हरकत असेल, बघ तुझं तू." आता या उत्तराचा अर्थ ज्या बाईला कळत नाही तिला डॉक्टर कुणी केलं कोण जाणे.

तिच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आई माझ्या खुर्चीवर होती. आईच्या सगळ्या दातांना माझाच हात लागलेला, आणि त्या दिवशी एका खालच्या दाढेच्या कॅपचं माप घ्यायचं होतं. ती तोंड उघडं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मी हात बाहेर काढला की म्हणायची, "आटप गं लवकर, तिकडे छोटी वाट बघत असेल." माझ्या खुर्चीवर बसून छोटी. मी आटपलं. मग आम्ही दोघी तिकडे गेलो आणि आईनं तिसऱ्या इमारतीत शिरताना डोळे पुसले. माझ्या दवाखान्याच्या वेळी तिला सर्दी झाली होती, ती आलीच नव्हती.

तेव्हापासून आमचं हे असं. तिच्याकडे मोठी काच, उन्हात चमकणारी पाटी, गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखणारी हसरी मुलगी. माझ्याकडे बाहेर वाट बघायला सहा खुर्च्या, त्यातली एक हात मोडलेली, आणि काउंटरवर एक बाई, जी फोनवर सुद्धा चष्म्यावरून बघते. तरी काम माझं चांगलं आहे. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

आता विमा कंपनीचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते तिच्यामुळे. दातांचा विमा काढणाऱ्या कंपन्या डॉक्टरांचं एक जाळं ठेवतात. त्याला नेटवर्क म्हणतात. तुम्ही त्यात नाव घातलंत की कंपनी आपल्या यादीत तुमचा पत्ता छापते आणि तिचे सभासद तुमच्याकडे येतात. त्याच्या बदल्यात तुम्ही कंपनी देईल त्या दरात काम करायचं, प्रत्येक कामाचा एक्स-रे आणि कारण लिहून पाठवायचं, आणि कंपनीनं नाही म्हटलं की गिळायचं. दर कमी असतो, कागद जास्त असतात, फोनवर अर्धा अर्धा तास तीच धून ऐकावी लागते. पण यादीतून नाव गेलं की सहा खुर्च्यांपैकी चार रिकाम्या पडतात. माझ्या तर पाच पडल्या असत्या, कारण माझे बहुतेक पेशंट रस्त्याच्या टोकाच्या मोठ्या कारखान्यातले.

मार्चमध्ये कंपनीचा माणूस आला. त्याला आम्ही टायवाला म्हणतो, त्याचा टाय नेहमी एका बाजूला गेलेला असतो. मोडक्या हाताच्या खुर्चीवर बसून त्यानं सांगितलं, की कारखान्याचा विमा आता नव्यानं होतोय आणि कारखान्याला आटोपशीर यादी हवीय. या रस्त्यावरून एकच दवाखाना.

"एकच?" मी म्हणाले.

"एकच. महिनाअखेर ठरेल. तुमचं आणि तुमच्या सिस्टरचं, दोघींचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. ज्यांच्या फाइलवर शेरा नाही ते नाव यादीत जाईल." मग तो दात दाखवून म्हणाला, "काय, घरातल्या घरातच राहील की."

त्याला हसायला काय जातंय. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तर आता माझं दुसरं काम. कंपनीकडे रोज शेकडो फाइली येतात. त्या खऱ्या की खोट्या, काम गरजेचं होतं की उगाच केलं, हे कारकुनाला कळत नाही. म्हणून कंपनी आपल्याच नेटवर्कमधल्या काही जुन्या डॉक्टरांना त्या तपासायला देते. मी तीन वर्षं हे काम करत होते, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, दवाखाना बंद असताना. कॉम्प्युटरवर फाइल उघडायची. डॉक्टरचं नाव पुसलेलं, पेशंटचं नाव पुसलेलं. फक्त एक्स-रे, फोटो आणि कारण. बघायचं, शेरा मारायचा. खाली एक चौकोन असतो: "या फाइलीतील डॉक्टर किंवा पेशंट माझ्या ओळखीचे नाहीत." त्यात खूण केल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. ओळख पटली तर खूण करायची नाही, फाइल परत करायची. शिवाय आपल्या भागातली फाइल आपल्याकडे येतच नाही, असा नियम. पण त्या महिन्यात आमच्या भागाच्या फाइली बघणारा म्हातारा आजारी पडला आणि त्याचा गठ्ठा माझ्याकडे वळवला गेला. कंपनीत उजव्या हाताचं डाव्याला कळत नाही.

त्याच सुमाराला मला आणखी एका गोष्टीनं पोखरलं होतं. आई दर गुरुवारी छोटीच्या दवाखान्यात जायला लागली होती. आई एकटी राहते, आमच्या दोघींपासून दहा मिनिटांवर. शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, वेळेची पक्की. गुरुवारी बरोबर अकराला माझ्या खिडकीवरून जायची, मला हात करायची आणि पुढे तिसऱ्या इमारतीत. आत यायची नाही. विचारलं तर म्हणायची, "तुझी कामाची वेळ, कशाला अडथळा." म्हणजे छोटी काय माश्या मारत बसते? आणि रविवारी माझ्याकडे जेवायला आली की दोन घास भात चिवडायची आणि ताट सरकवायची. "भूक नाही गं." एकदा मी न राहवून विचारलं, छोटीकडे जेवतेस ना. तर म्हणाली, "ती सूप करून देते, बरं असतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. छोटीला अंडं उकडता येत नाही, आणि आईला तिचं सूप बरं.

अशा मनःस्थितीत एका शुक्रवारी ती फाइल समोर आली.

खालची दाढ. कारण लिहिलं होतं: चार वर्षांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी बसवलेली कॅप, दाढ आतून तडकल्याने ठणका, आधीच्या कॅपचं काम उत्तम होतं, दोष कुणाचा नाही, रूट कॅनॉल चालू आहे, नवीन कॅपला मंजुरी मिळावी. आता कंपनीचा नियम असा, की एका दाढेवर पाच वर्षांत एकच कॅप. त्याच्या आत खराब झाली तर कारण बघतात. दाढच तडकली असेल तर कंपनी पैसे देते. पहिल्या डॉक्टरचं काम वाईट असेल तर कंपनी देत नाही, त्या डॉक्टरच्या गळ्यात घालते.

मी फोटो उघडला. हिरवा पडदा. वरचा उजवा कोपरा दोनदा दुमडलेला, चौकटीत खोचलेला.

मला हसूच आलं. अख्ख्या नेटवर्कमध्ये असं दुमडणाऱ्या दोनच बायका, आणि त्यातली एक मी. माझा पहिला विचार चांगला होता, तो सांगते: फाइल परत कर. माउस परत करायच्या बटणावर नेलासुद्धा. मग मला आठवलं, रस्त्यावरून एकच दवाखाना. आठवलं, बरोबर अकरा, हात केला आणि पुढे गेली. आठवलं सूप. आणि मी म्हटलं, एक्स-रे बघायला काय हरकत आहे.

एक्स-रेत तडा नव्हताच. कुठेच नव्हता. होती ती कॅपच्या मागच्या कडेला फट, चांगली नख जाईल एवढी, आणि तिच्या आत कीड थेट दाताच्या नसेपर्यंत पोचलेली. छोटीनं धडधडीत खोटं लिहिलं होतं. कुणा मित्रासाठी, हे उघड होतं. तिला गावभर मित्र. पार्ट्यांना जाणारी, सगळ्यांशी गोड बोलणारी, कुणाच्या तरी फाटक्या कामावर पांघरूण घालत होती आणि कंपनीकडून पैसे मागत होती. आणि मी इतकी वर्षं खरं लिहून लिहून मोडक्या खुर्च्यांवर बसले.

मी शेरा लिहिला. तो मला शब्दनशब्द पाठ आहे. "आधीच्या डॉक्टरने मागच्या कडेला फट ठेवली आहे. काम घाईचे व बेफिकीर. ही फट न दिसणे शक्य नाही. डॉक्टरने ती पाहिली व तशीच सोडली. पेशंटने अनेक महिने वेदना सोसली असणार. सध्याच्या डॉक्टरने दिलेले कारण खोटे आहे. ते आधीच्या डॉक्टरला पाठीशी घालत आहेत." एवढं पुरे होतं. एवढंच विचारलेलं असतं. पण मी आणखी एक ओळ घातली, जी कुणी मागितली नव्हती: "अशा डॉक्टरांना कोणत्याही यादीत घेताना कंपनीने दहा वेळा विचार करावा." मग चौकोनात खूण केली. ओळखीचे नाहीत.

त्या दुपारी मी खूप दिवसांनी दवाखान्यात चहा करून प्यायले. काउंटरवरची बाई म्हणाली, "आज स्वारी खूश दिसतेय." खूश होते. कशाला नाकारू.

बारा दिवसांनी, बुधवारी, कंपनीचं पाकीट आलं. मला वाटलं यादीचं असेल. दुपारच्या पेशंटना अजून वेळ होता, मी उभ्या उभ्याच फोडलं.

"आपण चार वर्षांपूर्वी बसविलेल्या कॅपसंबंधी," असं पहिल्या ओळीत होतं. सभासदाच्या रकान्यात आईचं नाव.

मी ते नाव तीनदा वाचलं. खाली लिहिलं होतं, आमच्या तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचे मत पुढीलप्रमाणे, आणि त्याखाली माझी वाक्यं. माझीच, पूर्णविरामासकट. काम घाईचे व बेफिकीर. डॉक्टरने ती पाहिली व तशीच सोडली. पेशंटने अनेक महिने वेदना सोसली असणार. सबब नवीन कॅपचा खर्च आपल्यावर राहील आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत आपले नाव कारखान्याच्या यादीसाठी विचारात घेतले जाणार नाही.

मी मोडक्या खुर्चीवर बसले. मला ते माप आठवलं. त्या सकाळी साच्यात मागची कड पुसट आली होती. मी बघितलं होतं. दुसऱ्यांदा घ्यायला पाच मिनिटं लागली असती, पण आई घड्याळ बघत होती, छोटी छोटी करत होती, आणि मला तिच्या त्या छोटीचा इतका राग आला होता की मी म्हटलं, जाऊ दे, चालतंय. कॅप बसवली तेव्हा अणकुचीदार सळई मागून फिरवली आणि ती किंचित अडकली; फट असेल तिथेच ती अडकते. तेही मी जाऊ दिलं. शेऱ्यात मी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

दुसऱ्याचा पडदा ओळखला आणि स्वतःची कॅप ओळखली नाही. त्या दाढेकडे मी बघतच नव्हते. मी छोटीला शोधत होते.

मी तशीच तिच्याकडे गेले. ती एकटीच होती, खिडकीपाशी उभी राहून डब्यातलं खात होती. टेबलावर तसंच पाकीट.

"तुलाही आलं?" ती म्हणाली. "बस. आधी बस. ओरडणार असशील तर दार लावते."

"मी कशाला ओरडू."

"मी तुला सांगायला हवं होतं. पण आईनं शपथ घातली होती, ताईला कळता कामा नये. म्हणाली, तिच्या हाताला नाव ठेवलेलं तिला सोसायचं नाही. म्हणाली, मी जन्मात कधी ताईच्या हाताला नाव ठेवलं नाही, आता कुठे सुरुवात करायची."

"किती दिवस दुखत होतं तिला?"

छोटीनं घास गिळला. "आठ महिने तरी. एका बाजूनं चावायची. माझ्याकडे आली तेव्हा गाल सुजलेला. चार गुरुवार मुळाला, मग जंतू काही जाईनात, म्हणून आणखी. मी सूप द्यायचे, दुसरं काय जाणार होतं तिच्या घशाखाली."

गुरुवार. दोन घास भात. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

"तू खोटं लिहिलंस," मी म्हणाले. "माझ्यासाठी. तुझं नाव यादीतून जाईल हे ठाऊक असून."

"जाईल असं वाटलं नव्हतं गं. एवढ्या बारकाईनं कोण बघतंय." ती कडवट हसली. "आणि तू मला काय सांगतेस, आईला जाऊन सांग. एवढं सगळं करून ती खुर्चीवर मला म्हणते, ताईचा हात हलका आहे, तुझा जड. जबडा दुखला म्हणे. जन्मभर ऐकतेय मी हे. ताईसारखं अक्षर काढ, ताईसारखं नीट वाग. दवाखाना तुझ्या रस्त्यावर काढला तो का वाटतं तुला? म्हटलं, शेजारी शेजारी दिसू तरी."

इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की तिच्याही पोटात दुखत असेल.

"आणि तो जो कोण तपासणारा आहे ना," छोटीनं पाकीट उचलून आपटलं, "त्याच्या कामाबद्दल मला काही म्हणायचं नाही. फट होती, त्यानं लिहिली. पण शेवटची ओळ वाच. दहा वेळा विचार करावा. ही कामाची ओळ आहे? कुणीतरी खुनशी माणूस आहे हा. आपल्याच धंद्यातला, नासलेला."

"मी," मी म्हणाले.

"काय मी?"

"ती ओळ मी लिहिली. पडद्याचा कोपरा दुमडलेला होता."

तिनं डब्याचं झाकण लावलं. ते लागेना, मग पुन्हा लावलं. "म्हणजे तू ओळखलंस."

"हो."

"मग फाइल परत करायची असते ना?"

"हो."

"आणि आईची दाढ?"

"ती नाही ओळखली."

तिनं डबा पिशवीत ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. मग हळू आवाजात म्हणाली, "जा ताई. आत्ता जा."

मी परत आले. मन आता लगेच शुद्ध झालं असं कुणाला वाटत असेल तर नाही झालं. दुपारभर मी हिशेब केला. मी गप्प राहिले तर काय होईल? दोघींवर शेरा, दोघी यादीबाहेर, कारखाना पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरकडे जाईल. छोटी कंपनीला जाऊन काही सांगणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे दोघींचंही नुकसान सारखं. आणि खरं सांगते, त्या सारखेपणात मला बरं वाटत होतं. माझं गेलं तर गेलं, तिचंही गेलं. मी बुडाले तरी ती वर राहायला नको, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बरोबर अकराला आई खिडकीवरून गेली. हात केला. डाव्या हातानं. उजवा हात गालावर, त्यात रुमाल. मी आठवून बघितलं, इतके गुरुवार ती डाव्याच हातानं हात करत होती. आई डावखुरी नाही. फळ्यावर तीस वर्षं उजव्या हातानं लिहिलंय तिनं. मी डॉक्टर, ती दर आठवड्याला गाल धरून माझ्या काचेसमोरून गेली, आणि मला दिसलं काय, तर ती कुठे वळते ते.

मी कंपनीला लिहिलं. फाइल माझ्या बहिणीची आहे हे मी ओळखलं होतं आणि तरी खूण केली. शेरा रद्द धरावा. कॅप माझी, फट माझी, ती मी पाहिली होती. बहिणीनं खोटं कारण लिहिलं ते पेशंटच्या, म्हणजे आमच्या आईच्या, हट्टामुळे आणि मला वाचवायला. आणि पाठवायचं बटण दाबलं.

आठवड्याभरात टायवाला आला. या वेळी बसला नाही. माझं तपासायचं काम काढून घेतलं होतं आणि कारखान्याच्या यादीतून नाव गेलं होतं. साध्या यादीत राहिलं, तेही नशीब. छोटीला लेखी ताकीद मिळाली, पण तिच्या फाइलवरचा शेरा रद्द झाला. रस्त्यावरून एकच दवाखाना, तो तिचा. "घरातल्या घरातच राहिलं," असं या वेळी तो म्हणाला नाही. मी त्याला पाणी दिलं.

त्यानंतर दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी सकाळी छोटीचा फोन आला. आवाज कोरडा. "आज आईची नवीन कॅप बसवायचीय. माझ्या दवाखान्यातली मुलगी रजेवर आहे, नळी धरायला कुणी नाही. आई म्हणते ताईला बोलाव."

गेले. आई खुर्चीवर आडवी, गळ्यात कागदी रुमाल. तिला सगळं माहीत होतं, छोटीनं सांगितलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले. मास्तरणीसमोर उभी राहिले म्हणा ना.

आई म्हणाली, "मी तीस वर्षं पेपर तपासले. तुम्ही दोघी शाळेत होतात तेव्हा अक्षर ओळखू आलं की मी तो गठ्ठा दुसऱ्या बाईंकडे द्यायचे. म्हटलं, आपला हात आपल्या हातात राहायचा नाही." मग तिनं तोंड उघडलं. यापुढे तिला बोलता येणार नव्हतं आणि मला उत्तर देता येणार नव्हतं.

मी नळी धरली. वीस वर्षांपूर्वी छोटी उभी राहायची त्या बाजूला आता मी. तिनं पडदा लावला, कोपरा दोनदा दुमडला आणि क्षणभर थांबली, पण माझ्याकडे बघितलं नाही. काम नीट करते ती. हात जड आहे, आईचं खोटं नाही, पण घाई अजिबात करत नाही. मागची कड तिनं तीनदा पुसून बघितली.

कॅप बसवली. पडदा काढला. मग तिनं ट्रेमधली अणकुचीदार सळई उचलली आणि मूठ माझ्याकडे करून पुढे केली.

"मागून बघ," ती म्हणाली. "तू बघ. तुझी नजर बारीक आहे."

टोमणा होता की विश्वास, कळलं नाही. दोन्ही असेल. मी सळई घेतली आणि कॅपच्या कडेनं फिरवायला लागले. पुढून, बाजूनं, मग मागून. आणि माझ्यात अजूनही काहीतरी जागं होतं ज्याला वाटत होतं, अडकू दे. जरासं अडकू दे. एवढं होऊन, आईचा गाल माझ्या हाताला लागलेला असताना, मला ते वाटलं. मी मागची कड दोनदा तपासली. सळई कुठेच अडकली नाही.

आईचे डोळे माझ्यावर होते, छोटीचे माझ्या हातावर. दोघी वाट बघत होत्या.

"नीट बसलीय," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली."

छोटीनं मान खाली घालून चावायचा कागद दाढांमध्ये ठेवला. आईनं चावलं, सावकाश, आधी डावीकडून. मग थांबली, आणि उजवीकडून.